बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड : जिवाणूंचा ड्रम की ॲल्युमिनाचा?

चौदा महिने आमच्या सहकारनगरच्या गच्चीवर वीस-वीस लिटरचे दोन ड्रम शेजारी शेजारी उभे होते. निळ्यात ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, दाणे. पांढऱ्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि त्या कोळशावर वाढवलेले जिवाणू. दोन्हींतून पाणी एकच जायचं, यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यात माझ्या ताईचं घर आहे, तिथल्या बोअरचं. सोसायटीतल्या काहींची पक्की समजूत होती की मी गच्चीवर काहीतरी गाळतो. गाळत होतोच म्हणा, पण त्यांच्या मनातलं नव्हे.

हे लिहायला बसलो, कारण हल्ली ओळखीतून एखाददुसरा फोन येत राहतो. राहायला पुण्यात, शेतीवाडी किंवा आईवडील विदर्भ-मराठवाड्यात, पाण्याच्या अहवालात फ्लोराइडच्या रकान्याला लाल खूण. आणि कुठेतरी वाचलेलं असतं, की जिवाणू वापरून फ्लोराइड काढता येतं, रसायनं नकोत, वीज नको. ‘मग तेच बसवू का?’ असा प्रश्न असतो. पाण्याची मर्यादा १ मिलिग्रॅम प्रतिलिटर, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायची, पाणी उकळलं तर फ्लोराइड जात नाही, उलट आटून थोडं वाढतंच, हे सगळं फोन करणाऱ्याला पाठ असतं. त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझा कल आधीच सांगून टाकतो. मी तीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. पांढरा ड्रम जिंकावा असं मला मनापासून वाटत होतं. शिवाय पुण्यात राहून जिवाणूंची वाण पडायचं कारण नाही. एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आगरकर संशोधन संस्थेचा स्वतःचा आहे. बियाण्यासारखं विरजण मिळायला या शहराइतकी सोयीची जागा देशात फार नसतील. मी मात्र एका जुन्या विद्यार्थ्याने मातीतून वेगळी केलेली बॅसिलस जात आणली. बॅसिलसच का, ते पुढे येईल.

पहिला धडा पुण्याच्याच पाण्याने शिकवला. सुरुवातीला केळापूरहून पाणी कशाला आणायचं म्हणून मी नळाच्या, म्हणजे खडकवासल्याच्या, पाण्यात मोजून सोडियम फ्लोराइड टाकलं आणि तेच दोन्ही ड्रममधून सोडलं. निकाल असे झकास आले, की दोन्ही ड्रमना हार घालावासा वाटला. मग भाच्याने खरं पाणी पाठवलं आणि दोघांचीही अक्कल ठिकाणावर आली, माझी त्यांच्याआधी. धरणाचं पाणी मऊ, सौम्य. फ्लोराइडवालं बोअरचं पाणी बहुधा बायकार्बोनेटने भरलेलं असतं, सामू आठाच्या पुढे, सोडियम भरपूर, कॅल्शियम कमी. हे योगायोगाने होत नाही. कॅल्शियम कमी असतं म्हणूनच तर खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरून तिथेच टिकतं. कॅल्शियम भरपूर असतं तर त्याने फ्लोराइडला धरून खाली बसवलं असतं. आपल्याकडच्या काळ्या बसाल्टात हा त्रास त्या मानाने कमी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या किनवटकडे बसाल्टाहून जुने खडक लागतात, तिथे तो वर येतो. आणि हेच बायकार्बोनेट ॲल्युमिनाची ताकदही खातं, जिवाणूंच्या पेशीभित्तीचीही. तेव्हा कोणी तुम्हाला प्रयोगशाळेत बनवलेल्या फ्लोराइडच्या पाण्यावरचे आकडे दाखवले, तर ते नम्रपणे ऐकून घ्या आणि आपल्या बोअरचा कॅन पुढे करा.

मग दर पंधरवड्याला भाचा दोन कॅन ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायचा आणि मी भल्या पहाटे संगमवाडीला जाऊन उतरवून घ्यायचो. परतीच्या रिकाम्या कॅनबरोबर बाकरवडी जायची. हिशेब त्याच्या बाजूने होता.

आता जिवाणूंबद्दलचा एक गैरसमज, जो फोनवर दर वेळी निघतो. ‘जिवाणू फ्लोराइड खातात ना?’ नाही खात. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात, कारण ती सेंद्रिय असते, तिचे तुकडे करून त्यांना ऊर्जा मिळते. फ्लोराइड हा मूलद्रव्याचा आयन आहे, त्याचे तुकडे होत नाहीत. ते इथून उचलून तिथे ठेवता येतं, एवढंच. खरं तर जिवाणूंना ते नकोच असतं. रक्तातली साखर तपासायला दिलीत, तर लॅबवाला करड्या बुचाच्या नळीत रक्त घेतो. त्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं. साखर मोडण्याच्या साखळीत एनोलेज नावाचं विकर आहे, फ्लोराइड त्याला अडवतं, म्हणून नळीतल्या रक्तपेशी तपासणीआधीच साखर संपवून टाकत नाहीत. जिवाणूंमध्येही हेच विकर आहे. त्यामुळे फ्लोराइड आत शिरलं, तर त्याला हाकलायची सोय त्यांनी करून ठेवलेली आहे. येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये दाखवलं, की कितीतरी जिवाणूंच्या आरएनएत फ्लोराइड ओळखणारा एक स्विच असतो. आत फ्लोराइड वाढलं, की तो स्विच ते बाहेर काढणाऱ्या प्रथिनांचं उत्पादन सुरू करतो. ज्याला आपण गोळा करायला ठेवलंय, त्याच्या घरात ‘बाहेर हो’ म्हणणारा दरवान आधीपासून बसलेला आहे. वर्गात मी हे मोठ्या कौतुकाने शिकवायचो. गच्चीवर तेच कौतुक अंगाशी आलं.

मग जिवाणू फ्लोराइड काढतात ते कसं? मला तीन वाटा माहीत आहेत.

पहिली, पेशीच्या भिंतीला फ्लोराइड चिकटणं. यात जिवाणू जिवंत असायलाच हवा असं नाही. मेलेला, वाळवलेला, भुकटी केलेलाही चालतो. खायला घालायची कटकट नाही, म्हणून हा मार्ग मला कागदावर फार आवडला होता. पण पेशीची भिंत स्वतः ऋणभारित, फ्लोराइडही ऋणभारित. दोघांना जोडायला मध्ये कोणीतरी मध्यस्थ लागतो, म्हणून त्या भुकटीवर कॅल्शियम, ॲल्युमिनियम किंवा झिर्कोनियम बसवतात. भुकटीने नळी तुंबते, म्हणून अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेल्या जेलच्या, गोळ्यांत तिला कोंडतात. एवढं सगळं करून झाल्यावर फ्लोराइड पकडतो कोण? बहुतांशी तो धातूच. मग सरळ ॲल्युमिनाच का नको, या प्रश्नाला मला स्वतःला पटेल असं उत्तर सापडलं नाही.

दुसरी वाट युरियाची. स्पोरोसार्सिना पाश्चुरीसारखे जिवाणू युरिया फोडतात, त्यातून कार्बोनेट तयार होतं, पाण्यात कॅल्शियम दिलेलं असेल तर चुनखडीचा साका बसतो आणि त्याच्याबरोबर फ्लोराइडही खाली येतं. देखणी प्रक्रिया आहे. याच जिवाणूंनी काँक्रीटच्या भेगा बुजवायचे प्रयोग झालेत. पण युरिया फुटला की अमोनियाही येतो, आणि पिण्याच्या पाण्यात अमोनियाची मर्यादा फक्त ०.५ मिलिग्रॅम आहे. दुसरं, कॅल्शियम फ्लोराइड स्वतःच थोडं विरघळतं. शुद्ध पाण्यात नुसतं कॅल्शियम फ्लोराइड टाकलं, तरी लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड पाण्यात राहतं. कॅल्शियम वाढवून तो आकडा खाली ओढता येतो, पण दीडच्या खाली न्यायला पाणी इतकं जड करावं लागतं, की त्यात डाळ शिजायची नाही. म्हणजे ही वाट पन्नास-शंभर मिलिग्रॅमवाल्या कारखान्याच्या सांडपाण्यासाठी. ताईच्या तीन-साडेतीन मिलिग्रॅमला ती हात लावत नाही.

तिसरी वाट मी धरली. कोळशावर जिवंत जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढवायचा आणि त्यातून पाणी सावकाश सोडायचं. थोडं कोळसा धरतो, थोडं तो थर धरतो. थर जिवंत असल्यामुळे नवा वाढत राहतो, नवी जागा मिळत राहते, अशी कल्पना. आपल्या देशात यावर बरंच काम झालंय आणि त्यात ॲसिनेटोबॅक्टर हे नाव वारंवार दिसतं. त्या कुळातला एक भाऊ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात कुप्रसिद्ध आहे. ताईच्या स्वयंपाकघरात त्याचा लांबचा नातेवाईकही नको, म्हणून मी बॅसिलस घेतला.

चालला का? चालला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. थर बसायला तीन आठवडे गेले. त्यानंतर फ्लोराइड तपासायच्या किटचा रंग, जो फ्लोराइड जास्त असलं की गुलाबीचा पिवळा होत जातो, तो पांढऱ्या ड्रमच्या पाण्यालाही बऱ्यापैकी गुलाबी राहू लागला. निळ्याइतका नाही, पण ‘अरे वा’ म्हणण्याइतका. मधूनमधून एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडवर खात्री करून घेत होतो. चांगल्या आठवड्यात पांढरा ड्रम मर्यादेच्या अगदी उंबऱ्यापर्यंत यायचा. ते पाणी आम्ही कधी प्यायलो नाही, कुंड्यांना घातलं. प्यायचं असतं तर नंतर क्लोरिन लागलंच असतं. पण त्या काळात मी दोन-तीन जणांना फोनवर ‘जिवाणूच घ्या’ असं सांगून बसलो. त्यांना आज माफी मागतो.

कारण आता गुळाची गोष्ट.

जिवंत थराला जेवण लागतं. फ्लोराइड तो खात नाही, बोअरच्या पाण्यात खाण्यासारखं जवळपास काही नसतं. म्हणून मी गुळाचं पाणी, चिमूटभर युरिया आणि थोडं फॉस्फेट द्यायचो. सांडपाणी प्रक्रियेत कार्बनी अन्न, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं १०० : ५ : १ असं ढोबळ प्रमाण धरतात, तेच धरलं. सांगायला हे एका ओळीचं काम आहे. करायला रोजचं आहे. आणि त्याचा काटा फार बारीक असतो. गूळ कमी पडला की थर उपाशी मरतो, सुटून पाण्यात येतो. गूळ जास्त झाला की उरलेला गूळ गाळलेल्या पाण्याबरोबर बाहेर येतो, मग ज्या भांड्यात ते पाणी साठवाल त्याला दोन दिवसांत बुळबुळ धरते. त्यात गुळाचा पिवळेपणा आणि किटचा पिवळेपणा यांत माझी गल्लत व्हायची. ती बायकोला कळायची. ‘हा गूळ आहे, फ्लोराइड नाही,’ असं ती लांबूनच सांगायची आणि दर वेळी बरोबर निघायची.

रोजचं काम टाळावं म्हणून मी सलाइनचा सेट आणला. वर गुळाच्या पाण्याची बाटली, थेंब थेंब खाली. दिसायला अगदी दवाखाना. दुसऱ्या दिवशी नळीवरून मुंग्यांची रांग. पाण्याच्या ताटलीत स्टँड ठेवला, तर त्या वाळत घातलेल्या चादरीवरून आल्या. हळदीची रेघ झाली, खडू झाला. मुंग्या एकदाच्या गेल्या, तर नळीतच थर धरला. जिवाणूंना ड्रमापर्यंत जायचा धीर नव्हता, जेवणाच्या वाटेवरच वस्ती केली. चार-पाच दिवसांनी थेंब बंद. टोचून मोकळा करायचा, पुन्हा बंद. बोहरी आळीत जाऊन मोठ्या भोकाची नळी आणली, तर थेंबाची धार झाली.

तरी मी हार मानत नव्हतो. मग दिवाळी आली. आम्ही अकरा दिवस मुलीकडे नागपूरला गेलो. समोरच्या काकूंना सगळं समजावून गेलो. रोज सकाळी हा एक चमचा, एवढंच. काकूंनी एकही दिवस चुकवला नाही. उलट लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत दोन दोन चमचे घातले. ‘अहो, सणासुदीचं त्यांना तरी का उपाशी ठेवायचं,’ म्हणाल्या. परत आलो तर जिन्यातच वास. सडक्या अंड्याचा. ड्रमचं झाकण काढलं, कोळसा आधीच काळा, पण त्यावरचा थरही आता काळा. जास्त अन्न, हवा संपलेली, आत सगळं कुजायला लागलेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे किटवर ड्रममध्ये जाणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर येणारं पाणी जास्त पिवळं. खात्री नको म्हणून त्या वेळी प्रयोगशाळेत पाठवायचा धीर झाला नाही, तेव्हा त्यातलं किती गुळाचं होतं कोण जाणे. पण माझा अंदाज असा, की पेशी फुटल्या आणि त्यांनी धरलेलं परत केलं. दोन महिने गोळा केलेलं आठ दिवसांत. काकूंना मी काही बोललो नाही, त्यांनी आमच्या ड्रमासाठी चकलीसुद्धा ठेवली असती.

हे मी फोनवर ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, घरी दोन म्हशी आहेत, त्यांना वेळेवर घालते ना मी. हे तिसरं जनावर कशाला? ते दूध पण देत नाही.’ मी म्हटलं, अगं, म्हशीपेक्षा कमी खातं. ती म्हणाली, ‘म्हैस भूक लागली तर ओरडते तरी.’

तिथे माझा निर्णय झाला. पुढचे महिने मी उगाच आशेने काढले. ड्रम पुन्हा धुऊन, पुन्हा विरजण लावून, पुन्हा तीन आठवडे थांबून बघितलं. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. या ड्रमाला भूक लागली तर तो ओरडत नाही, अजीर्ण झालं तरी ओरडत नाही, आणि ते कळेपर्यंत घरातलं मूल ते पाणी प्यायलेलं असतं. ताईची मोठी नात अकरा वर्षांची आहे. फोटो काढताना ओठ मिटून हसते. धाकटी तीन वर्षांची. कायमच्या दातांचं एनॅमल हिरडीच्या आत साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतं आणि जास्त फ्लोराइड ते घडतानाच बिघडवतं, म्हणजे तिच्या हातात पाच वर्षं आहेत. थर बसायला तीन आठवडे, बिघडला की पुन्हा तीन आठवडे, एवढी उसंत तिच्या दातांना नाही.

निळा ड्रम साधुसंत आहे असं मात्र समजू नका.

ॲल्युमिना भरते. ताईच्या पाण्याला, रोज प्यायच्या-स्वयंपाकाच्या दोन-तीन कळशा धरल्या, तर दोन-अडीच महिन्यांत ढिली पडते. तुमच्याकडे बायकार्बोनेट कमी असेल तर जास्त टिकेल, सामू साडेपाचच्या आसपास असेल तर फारच छान चालेल, पण असा सामू बोअरच्या पाण्याला कुठून येणार. भरली की पातळ कॉस्टिक सोड्याने धुवायची, मग पातळ गंधकाम्लाने, मग पाण्याने खूप वेळ. हे काम नाजूक आहे. आम्ही गच्चीवर पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या एका चपलेचा तळवा गेला. भाच्याला मी हातमोजे आणि चष्मा घेऊन दिला, आणि मुलं शाळेत असतानाच करायचं असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. म्हणजे रसायनं नकोत म्हणणाऱ्यांचा आक्षेप खोटा नाही.

धुऊन निघालेलं पाणी हाही एक प्रश्न. त्यात दोन महिन्यांचं फ्लोराइड एकवटलेलं असतं, ते विहिरीपाशी ओतलं तर सगळाच उपद्व्याप व्यर्थ. इथे मात्र मघाचा आठ मिलिग्रॅमचा हिशेब आपल्या बाजूने फिरतो. साध्या पाण्यातल्या तीन मिलिग्रॅमला कॅल्शियम दाद देत नव्हतं, पण या दाट पाण्यात चुना आणि कॅल्शियम क्लोराइड घातलं की कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसतो. वरचं पाणी वेगळं काढायचं, गाळ प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात. भाच्याने घरामागे, बोअरपासून शक्य तितका लांब, असा खड्डा केलाय. युरियावाल्या जिवाणूंना काम मिळायची जागा असेल तर ती कदाचित इथे, असं मला वाटलं होतं. पण इथे चुना पुरतो, त्यांना बोलवायचीही गरज नाही.

आणि हो, भरलेली ॲल्युमिनाही ओरडत नाही. हे मान्य. पण ती सावकाश ढिली पडते. आज गुलाबी, पुढच्या आठवड्यात किंचित फिकट, त्याच्या पुढच्या आठवड्यात नारिंगीकडे झुकलेली. एका रात्रीत घेतलेलं सगळं परत करत नाही, निदान माझ्या पाहण्यात नाही. आठवड्याला एकदा किट लावलं तर पुरतं, आणि ताई रविवारी ते न चुकता करते, देवपूजेनंतर. गावाला जायचं झालं तर नळ बंद करायचा आणि कुलूप लावायचं. परत आल्यावर पहिली कळशी सोडून द्यायची. ती पंधरा दिवस लग्नाला जाऊन आली तरी ड्रम जसा होता तसा होता. माझ्या मते हा एकच गुण बाकी सगळ्यावर भारी पडतो. तुमचं मत वेगळं असू शकतं. तुमच्या घरी रोज न चुकता मोजून एक चमचा घालणारा आणि सणाला दोन न घालणारा माणूस असेल, तर माझी हरकत नाही.

हा काही माझा शोध नाही, हे सांगायलाच हवं. आयआयटी कानपूर आणि युनिसेफ यांनी १९९०च्या दशकात घरगुती ॲल्युमिना फिल्टरवर काम केलं होतं, वर एक भांडं, खाली एक भांडं, मध्ये तीनेक किलो दाणे. आम्ही केलं ते साधारण तेच, फक्त ड्रमात.

आणखी दोन पर्याय लोक विचारतात, त्यांना थोडक्यात हात लावतो. आरओ फ्लोराइड काढतं, यात वाद नाही. पण आत गेलेल्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी फेकलं जातं, आणि मे महिन्यात ताईच्या बोअरला घागरभर पाणी वर यायला दम लागतो, तिथे अर्धं फेकायचं म्हणजे पाप वाटतं. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे पटायला वेळ लागतो, कारण इथे फेकलेलं पाणी दिसत नाही, नळीतून मोरीत जातं. दुसरी नालगोंडा पद्धत, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची, १९७०च्या दशकातली. तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, ढवळा, बसू द्या, वरचं काढून घ्या. स्वस्त आणि डोक्याला सोपी. आधी ताईकडे तीच चालायची. पण फ्लोराइड आणि बायकार्बोनेट दोन्ही जास्त असलेल्या पाण्याला तुरटी पुष्कळ लागते, रोज मोजायची, रोज ढवळायची, आणि चव बिघडते. मोठ्या नातीने ते पाणी प्यायचं सोडून शाळेजवळच्या हापशावर प्यायला सुरुवात केली. तो हापसा फ्लोराइडमुळे लाल रंग मारून ठेवलेला होता. हे नंतर कळलं.

मग जिवाणू कोणी घ्यावेत? एमएस्सीच्या प्रकल्पाला घ्या, उत्तम विषय आहे, फक्त खडकवासल्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळून प्रबंध लिहू नका, मार्गदर्शकाला कळत नसेल तरी पाण्याला कळतं. कारखान्याचं फ्लोराइडचं सांडपाणी असेल आणि त्यावर बघायला पगारी माणूस असेल, तर युरियावाली वाट नक्की तपासून बघा. मोठ्या गावाचा प्रकल्प असेल, रोज तिथे ऑपरेटर येत असेल, तर जिवंत थरावरही कोणी पुढे काम करावं असं मला आजही वाटतं. कोळसा गावातच तयार होतो, कॉस्टिक लांबून आणावं लागत नाही, हे छोटे फायदे नाहीत. घरासाठी, विशेषतः जिथे लहान मूल आहे आणि घरातले सगळे सकाळी शेतावर जातात, तिथे मी आज ॲल्युमिनाच सांगेन.

तरीही पांढराच ड्रम हवा असेल, तर माझी अडवणूक नाही. विरजण कुठून आणता त्या जातीचं पूर्ण नाव विचारून घ्या, नुसतं ‘उपयुक्त जिवाणू’ एवढं लिहिलेली बाटली घेऊ नका. नंतर क्लोरिन लागेलच, पण ते बाहेर पडलेल्या पाण्यात, ड्रममध्ये नव्हे, नाहीतर ज्यांना खायला घालताय त्यांनाच मारताय. एक महिना स्वतःच्या बोअरचं पाणी सोडून बघा आणि प्यायला कोणालाही देऊ नका. आणि तुमच्याकडे आखाडी असेल, जत्रा असेल, घरात लग्न असेल, तर त्या आठ दिवसांत गूळ कोण घालणार ते ड्रम आणण्यापूर्वी ठरवा. समोरच्या काकू नकोत.